दार क्रमांक दोनशे दहा

दुपारी अडीचला, पेपरवाले वाचक पेंगत असताना,
तुळशीदास खैरनार माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.
"बाई, एक पुस्तक हवंय. नाशिकच्या विहिरी.
लेखक आठवत नाही. कव्हर मातकट होतं."

आमच्या कपाटात नव्हतं.
कार्डांच्या खणातही नव्हतं,
पण 'न'पाशी झुरळांनी बऱ्याच नोंदी खाल्ल्यात,
तेव्हा त्या खणाचं काही खरं नाही.
मग त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, आता बाहेर विचारू.

"फोन लावून?"

नाही. ग्रंथालयांनी आपसात एक रीत ठरवलीय:
कुणाच्या घरात फडताळं कशीही मांडलेली असोत,
पाहुण्यानं दोनशे दहा नंबरचं दार वाजवायचं.
आधी नमस्कार. मी कोण, मला काय काय समजतं.
आतून नमस्कार आला की मगच प्रश्न,
तोही आकड्यांत बांधलेला:
चार म्हणजे शीर्षक,
एकवीस म्हणजे विषय,
एक हजार तीन म्हणजे लेखक.
उत्तरात आधी नुसती संख्या येते.
नोंद हवी तर ती वेगळी मागायची.

"तलाठी ऑफिसला लावा की हे," खैरनार म्हणाले.

एकदम पाच दारं वाजवली.
पुणे, शून्य.
नागपूर, शून्य.
धारवाडनं नमस्कारच घेतला नाही.
मुंबईहून चारशे अकरा,
कारण विहिरी त्यांना कळल्याच नाहीत,
त्यांनी नुसतं गाव धरून ठेवलं.
बडोद्याच्या नोंदी आल्या त्या सगळ्या चौकोन चौकोन,
रफार नाही, वेलांटी नाही,
कुणीतरी टाइप काढून नेल्यासारख्या.

"खिळे," ते म्हणाले. "खिळे म्हणायचं त्यांना."
आणि थोड्या वेळानं,
"मी जुळारी होतो. भद्रकालीत.
ते पुस्तक माझ्या हातचं आहे."

मी आकड्यांची यादी वरपासून खाली पाहिली.
संपादक आहे. प्रकाशक आहे.
गाव आहे, सालसुद्धा आहे.
जुळाऱ्याला आकडा नाही.

ते पडद्याकडे बघत होते, ओठ हलवत,
उलटं वाचायची सवय असलेल्या माणसासारखे.
"बाई, तुम्ही नाशिक लावलंय.
आम्ही नासिक लावायचो.
आमच्या केसमधला 'श' सगळा
शुभविवाहांतच संपायचा."

'श'चा 'स' केला.
पुन्हा नमस्कार, पुन्हा सगळी दारं.
पुणे, शून्य.
नागपूर, एक.

नासिकच्या विहिरी. १९७१. पृ. ६४.

खैरनारांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक काचेला टेकेल इतके वाकले.
"चौसष्ट कुठले? बासष्ट.
शेवटचं पान कोरं होतं, दोन्ही अंगांनी.
कागद उरला होता, राहू दिला."

मला ते दुरुस्त करता येईना.
दुसऱ्याच्या घरात विचारता येतं या रीतीनं,
पेन्सिल लावता येत नाही.

पुस्तक मागवायचा अर्ज भरला. टपालाचे नव्वद रुपये.
त्यांनी दहा-दहाच्या नोटा टेबलावर मांडल्या,
सगळ्यांची तोंडं एका बाजूला.
'शेरा' लिहिलेल्या रकान्यात मी लिहिलं:
पाने बासष्ट. जुळारी, तु. गो. खैरनार.
रकाना लहान होता.
शेवटचा 'र' रेघेबाहेर गेला.
ते म्हणाले, "ओळ नीट बसली नाही तुमची."