खरंच का रे?

पर्वतीच्या जलकेंद्रात, रात्रपाळीला,
मला टेबल मिळालं, एक चाक नसलेली खुर्ची मिळाली
आणि होनपांचं लॉगिन.
नव्या लॉगिनला अर्ज, अर्जाला सही,
सही होनपांची,
आणि होनप मेअखेर निवृत्त झालेले.

टर्मिनल उघडलं. काळी खिडकी, एक मिचमिचती रेघ.
माउस होता, पण त्याच्यावर चिकटपट्टी,
पट्टीवर बॉलपेनने:
'हात कीबोर्डवर ठेवावेत.'

पहिल्या रात्री मी टाकीची पातळी विचारायला
बावन्न अक्षरं टंकत बसले.
त्रेचाळिसावं चुकलं.
पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या रात्री टॅब सापडलं.
अर्धं नाव आपण सांगायचं, उरलेलं ती सांगते.
दोन नावं जुळली तर गप्प राहते,
पुन्हा दाबलं की दोन्ही पुढ्यात ठेवते, निवड म्हणते.
आमच्या घरी एवढी मुभा नाही.

मग कंट्रोल आणि आर.
एक शब्द द्यायचा, ती मागे मागे जात
आधी कधीतरी बोललेलं पूर्ण वाक्य काढून देते.
मी 'कात्रज' लिहिलं
आणि वर आली होनपांची ओळ, जशीच्या तशी,
जणू आत्ताच कोणी उठून गेलंय.

त्यांची फाईल सापडली त्याला आठवडा लागला.
नावाआधी टिंब, म्हणून एरवी न दिसणारी.
आत इंग्रजी अक्षरांत मराठी:
पाणी, म्हणजे सगळ्या टाक्यांची पातळी एकदम.
वर, म्हणजे एक फोल्डर मागे.
माघारी, म्हणजे जिथून आलो तिथे.
आवर, म्हणजे जुन्या नोंदी बांधून माळ्यावर टाक.
चहा, म्हणजे दहा मिनिटं थांब, मग घंटी वाजव.
आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर शेरा:
'ही ओळ काढू नये. कारण विचारू नये.'
'अक्षर मोठं केलं आहे. ज्याला डोळे आहेत त्याने लहान करावं.'
'खऱ्या सर्व्हरवर ओळीचं तोंड लाल, सरावाच्या सर्व्हरवर हिरवं.
तरीही चुकणाऱ्याने घरी जावं.'

मी चुकले.
अडीच वाजले होते, वडगावकडून फोनावर फोन,
एका कानाला रिसीव्हर, एका हाताने पुसायची आज्ञा,
पुढे तारा, म्हणजे सगळंच.
तोंड लाल होतं. मी बघितलं नाही.
एंटर.

खिडकी म्हणाली:
खरंच का रे?

रिसीव्हर खाली ठेवला.
पलीकडचा माणूस टेबलावर बारीक आवाजात भांडत राहिला.
मी कुठे उभी आहे ते विचारलं:
वडगावच्या तीन महिन्यांच्या नोंदी.
'नाही' लिहिलं. दोनदा लिहिलं, एकदा पुरलं असतं.
मग पाणी प्यायले. ते आमच्याकडे भरपूर.

ती ओळ फाईलीत शोधली.
तिच्या डोक्यावर शेरा नाही, टोमणा नाही,
नुसती एक तारीख, ऑगस्टातली, जुनी.
'रे' कोणाला, ते तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर माझं लॉगिन आलं.
फाईल तशीच उचलून आणली.
अक्षर लहान केलं, मला डोळे आहेत.
चहा सात मिनिटांवर आणला.
पाठीमागचा काळा जरा निळा केला, 
आणि 'रे'चं 'गं' केलं.
फाईल पुन्हा वाच म्हणून सांगितलं,
सांगितल्याशिवाय तिला बदल कळत नाही.

मग एक खोटी फाईल केली आणि पुसायला घेतली.
खरंच का गं?
हो, म्हटलं, बोट थांबलंसुद्धा नाही.
हे तर घरी रोज विचारतात:
खरंच जेवलीस का गं, खरंच रात्रीच जायचंय का गं.
हो. हो.

'गं' खोडलं. 'रे' परत लिहिलं.
वर शेरा घातला:
'ही ओळ बदलून पाहिली आहे. तुम्ही पाहू नये.'

चार वाजता पेठांचं पाणी सोडलं.
पातळी उतरताना पाहिली, वीत, दीड वीत.
मग चहा लिहिलं
आणि घंटी वाजेपर्यंत
हात कीबोर्डवर ठेवून बसले.