टंच

हुपरीत पैंजणाच्या रुपाला कुणी भुलत नाही.
एवढासा तुकडा काढतात, वितळवतात, तपासतात,
मग चिठ्ठीवर आकडा येतो
आणि त्या आकड्यावरून भांडण होत नाही.

ऑक्टोबरची दुपार. वीज गेलेली.
शाळेमागच्या गल्लीतून झाळ दिल्याचा वास येतोय
आणि माझ्यापुढं पाचवीची बेचाळीस प्रगतीपत्रकं.
सम्मेद मगदूम. गणित : क-२.
नोंद : अधिक सरावाची गरज.
हीच नोंद आज मी अकरा पोरांना दिली,
एका शाईत, एका दमात.

पालकसभेला त्याची आई आली, त्रिशला,
दिवाळीच्या मालाची घाई सोडून,
बोटांची टोकं कड्या जोडून काळी पडलेली.
त्यातलं एक बोट तिनं क-२ वर ठेवलं.
"बाई, ह्यात चांदी किती
आन् खोट किती, त्येवढं सांगा."

मला सांगता येईना.
ती गेल्यावर अभ्यासक्रम उघडला :
रोजच्या व्यवहारात दशांश अपूर्णांक वापरतो.
प्रश्नपत्रिका काढली : व्याख्या लिहा. रिकाम्या जागा भरा.
आणि प्रगतीपत्रक, ज्यात नुसतं एक अक्षर, एक आकडा.
तीन गावचे तीन पाहुणे एका मांडवात बसलेले,
कुणाची कुणाशी ओळख नाही,
आणि लग्न कुणाचं हे तिघांनाही ठाऊक नाही.

केंद्राच्या परिषदेत मी उठून विचारलं,
जे शिकवायचं ठरलं तेच आपण विचारतो का?
आणि जे विचारलं, तेच घरी कळवतो का?
साहेब म्हणाले, मुद्दा चांगला आहे, इतिवृत्तात घ्या.
घेतला. आभाराच्या वर, चहापानाच्या खाली.

दुसऱ्या सत्रात मी मगदुमांच्या शेजारून
एक जुना तराजू मागून आणला,
काचेच्या पेटीतला, फुंकरीनंसुद्धा हलणारा.
एकेकाला जवळ बोलावलं.
सम्मेदला विचारलं :
शंभर ग्रॅममागं दीड ग्रॅम घट,
तर सव्वा किलोला किती?
त्यानं छताकडं बघितलं, बोटं मोजली नाहीत.
"पावणेएकोणीस."
मी म्हटलं, आता लिही.
त्यानं लिहिलं : १८७५.

माझा हात पेनासकट थांबला.
पोरगं खरं बोललेलं, कागद खोटं बोलत होता.
पूर्ण गुण द्यावेत असं फार वाटलं,
मग आठवलं ते काळं बोट.
मायेपोटी वाढवलेला टंचही
खोटाच की.

मी लिहिलं :
पाव, दीड, पाऊण तोंडी चोख. घट अचूक काढतो.
लिहिताना टिंब विसरतो.
चौकट पुरली नाही, शेवटचा शब्द
शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात गेला.
ऑनलाइन भरायला बसले तर खिडकी
एवढी अक्षरं घेईचना,
तिथं तो अजून क-२ च आहे.

त्रिशलानं उभ्या-उभ्या वाचलं,
एकेका अक्षराखालून नख सरकवत.
"हां. टिंब इसरतंय ते.
टिंब चुकलं तर माल बुडतो की ओ बाई.
ह्येच्यावर काम करता येतंय."
कागदाची चौघडी करून तिनं तो
टंचाच्या चिठ्ठ्यांच्या पिशवीत ठेवला,
चेन ओढली, आणि गेली.

तराजू अजून माझ्या टेबलावर आहे,
दार उघडलं की पारडी थरथरतात.
उरलेल्या दहांच्या नोंदी
अजून तशाच आहेत.