दुसऱ्यांदा निरवानिरव

ही माझी दुसरी खेप आहे, असं मी नर्सला सांगते.
तिचं नाव इलिध, वय एकोणतीस.
पहिल्या खेपेला ती जन्मलीही नव्हती.

सत्त्याऐंशी साल. एडिंबरा, लीथ.
डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाला,
दोन वर्षं, फार तर.
मी एकतीसची. घरी आले नि निरवानिरव केली:
शिवणयंत्र मॉइराला, निळा कोट जॅकीला,
कॅसेटी सगळ्या टॅमला.
जॅकी माझा कोट घालून माझ्याआधी गेली.
टॅमही.
शिवणयंत्र तेवढं अजून चालतं म्हणे मॉइराकडे.
परत मागायला तोंड नाही.

आता एकोणसत्तर.
एक गोळी विषाणूसाठी, सहा बाकीच्यांसाठी:
हाडं, साखर, रक्तदाब,
आणि एक कशाची ते आठवत नाही,
बहुधा आठवणीचीच.

इलिध फॉर्म वाचते, सावकाश.
तुम्हाला बोलता आलं नाही
तर तुमच्या वतीनं कोण बोलेल?

इथे घोडं अडतं.
रक्ताची एकच, बहीण, इफी.
तिला अडतीस वर्षं सांगत आले, रक्ताचा जुना विकार आहे,
जे खोटंही नाही.
तिचं नाव घातलं तर एक दिवस कुणीतरी
तिच्यासमोर फाइल उघडून वाचेल
आणि मी तिथेच असेन, पडलेली,
सावरून घ्यायला नसेन.

लिही, बोगुस्लाव. खालच्या मजल्यावरचा.
बस चालवायचा. माझा कुणी नाही.
जिन्यात पडले, कपाळ फुटलं तेव्हा मी ओरडले,
हात लावू नकोस!
का, तेही ओरडूनच सांगितलं, अख्ख्या जिन्याला.
त्यानं गळ्यातला मफलर सोडला, माझ्या डोक्याला बांधला,
म्हणाला, ह्या दिव्याची तक्रार
आता दोघांनी मिळून करू.

श्वासाचं यंत्र? नको.
नळीतून अन्न? पंधरा दिवस.
वसंत असेल तर महिना.
इलिध हसत नाही, लिहून घेते.
इफीला काय सांगायचं
ते पुढच्या गुरुवारी.

आणखी काही?

टॅमला पिशवीत घातला होता,
चेन गळ्यावरून, तोंडावरून ओढलेली.
कपडे घालायला कुणी तयार नव्हतं.
त्याची आई इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून
दारात उभी होती,
आणि तसाच तो शर्ट घेऊन बसनं परत गेली,
मांडीवर आडवा, सुरकुती पडू न देता.

मला कपडे घाला.
बटणांचा हिरवा स्वेटर.
बटणं कुणीतरी उघड्या हातांनी लावा,
हातमोजे काढून.

फॉर्ममध्ये ह्याला चौकोन नाही.
इलिध कागद उलटा करते,
कोऱ्या पाठीवर लिहू लागते, मग थांबते.
किती बटणं आहेत?

सहा.
वरचं उघडंच ठेव, गळ्याला टोचतं.