एकवीस काड्या

वसमत रोडवर, पेट्रोल पंपाच्या पुढं,
जिथं आधी टायरचं दुकान होतं
तिथं आता बर्गर मिळतो.
रविवारी पोरं गाड्या आडव्या लावून
टोकनचा नंबर ऐकत थांबतात,
जसे मागच्या साली दवाखान्यात
थांबायचो आम्ही, मुंजाभाऊ आणि मी.

"तिथं खायचंय," तो म्हणला होता
टाके निघाले त्या दिवशी.
म्हणला म्हणजे वहीत लिहून दाखवलं.
मी म्हणलं, खाऊ की.
आजारी माणसाला आपण काय बी हो म्हणतो.
त्यानं मात्र तारीख नाही, माप ठरवलं:
एकवीस काड्या.

आइसक्रीमच्या काड्या, चपट्या, लाकडी.
दातात चळत धरायची
आणि मधोमध आणखी एक सरकवायची,
असा डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायाम.
पहिल्या दिवशी सात बसल्या.
आठवीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं
आणि त्यानं मला शिवी दिली,
सात काड्यांच्या फटीतून निघेल तेवढीच.

शाळेत तो पीटीचा मास्तर.
शिट्टी ओठांत धरत नाही म्हणून
आता टाळी वाजवतो.
टाळीवर पोरं पळायला लागतात,
थांबत नाहीत.

"मिरची नको. मिरी बी नको. काळा दाणा दिसला तर परत."
काउंटरवरच्या पोरानं वर पाहिलं.
परभणीचा गडी आणि मिरची नको?
तो टोपी सावरत म्हणला, "काका, चीज टाकू का मग?"
"टाक बाबा. सगळं टाक."

नंबर त्र्याहत्तर.
शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस,
केकपेक्षा मोबाइल जास्त.
मुंजाभाऊनं खिशातून रबर लावलेली जुडी काढली,
बर्गरच्या बाजूला उभी धरली.
माप जुळेना.
बर्गर जुडीच्या दुप्पट.

आम्ही दोघंही बघत बसलो
त्या फुगलेल्या, तीळ लावलेल्या जिनसाकडं.

"चमचा देऊ का काका?" पोरगं येऊन गेलं.
"नको," मुंजाभाऊ म्हणला. स्वच्छ. दोन्ही अक्षरं.
मग त्यानं तळहात ठेवला पावावर
आणि सगळा भार दिला,
जसा लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू
दाबून सपाट करतो स्पर्धेच्या आदल्या सांजेला.
पत्ता कोबी बाहेर आला, टोमॅटो निसटला,
टिक्की चेपून थालीपिठाएवढी झाली.
पुन्हा जुडी लावली.
"बसतंय," तो म्हणला.

मी माझा उचलला आणि हा एवढा आ केला.
करून मग लक्षात आलं.

पुडी आम्ही दोघांनी फोडायचो.
बावीस वर्षं, स्टँडमागच्या टपरीवर, अर्धी त्याची, अर्धी माझी.
पैसे बी आळीपाळीनं.
कुणाचं तोंड मिटायचं हे
टपरीवाल्यानं थोडंच ठरवलं होतं.
ह्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
आज बी नाही बोललो.
मी आ थोडा कमी केला, एवढंच,
तर तो म्हणला,
"नीट खाय बे. माझ्या वाटचं उपाशी नको राहू."

त्याला पाऊण तास लागला.
बर्गर गार झाला, चीज मेणागत झालं,
वाढदिवसवाली पोरं गेली, दुसरी आली,
पोऱ्यानं दोनदा टेबल पुसायचं नाटक केलं.
मी पाणी प्यालो, मग चहा विचारला.
चहा नसतो म्हणे इथं.

शेवटच्या घासाला सॉस ओघळला,
डाव्या बाजूनं, हनुवटीपर्यंत.
ती बाजू बधिर आहे, त्याला कळत नाही.
मी माझ्या हनुवटीला बोट लावून दाखवलं.
त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं,
कागद उचलला
आणि हात लांबवून
माझीच हनुवटी पुसली.

तिथं खरंच सॉस होता.