एक म्हणजे कुठून

थॉर्नबेकच्या टपालघरात एकतीस वर्षं
मेविस ओल्डरॉइड पाकिटं निवडत होती
तांदळातले खडे निवडावेत तशी:
पहिला वर्ग डाव्या खणात, दुसरा उजव्या.
पहिला उद्या पोचतो. दुसरा परवा, तेरवा,
बर्फ पडला तर देव जाणे.
आत काय लिहिलंय ते तिकीट विचारत नाही.
एका डिसेंबरात उजव्या खणातून
लग्नाची मागणी गेली.
तिला ठाऊक, कारण ती तिनंच घातली होती
नॉरिसला,
आणि तिकिटात एक पेनी वाचवली होती.

नॉरिस लोकरीच्या गिरणीत, प्रतवारीवर.
उत्तरेची खिडकी, फळ्यांचं टेबल,
डोळे मिटून अंगठ्यानं सांगायचा:
ही खांद्यावरची, पहिली. ही कुशीची.
ही शेपटाकडची, लेंड्यांनी माखलेली, शेवटची.
मेंढी एकच, म्हणायचा,
आणि तिच्याच पाठीवर सात जाती.
मेंढीला कुणी सांगितलेलं नाही.

गिरणी बंद पडली.
तिच्या भिंती सरकारनं ‘ग्रेड टू’ म्हणून जपल्या,
खिडकीचा खिळासुद्धा विचारल्याशिवाय काढायचा नाही.
नॉरिसला निरोपाचं घड्याळ मिळालं.
त्याच्यावर ग्रेड नव्हती.

मग आकडे घरातच यायला लागले,
बिनओळखीच्या पाहुण्यांसारखे.

नात टॅम्सिनचा फोन: आजोबा, मला टू-वन मिळाला!
हा विचारतो, घरच्या मैदानावर?
पदवी होती ती. दुसरा वर्ग, पण दुसऱ्यातला वरचा.
मेविसनं बटाटे सोलता सोलता समजावलं,
तरी त्याला गोल कुणी केले ते हवंच होतं.

मे महिन्यात गावाचा संघ घसरला
आणि पडला तो ‘लीग वन’मध्ये,
जी मोजायला बसलं तर तिसरी.
पलीकडच्या डानूतानं कुंपणावरून केक दिला.
पहिली लीग! अभिनंदन!
नॉरिसनं केक खाल्ला.
तीन दिवस तिच्याशी बोलला नाही.

चिप्स तळताना मनगटावर तेल उडालं.
पहिल्या डिग्रीचं, नर्स म्हणाली.
आमचं सगळं पहिल्या डिग्रीचंच, हा तिथंही.
तिसऱ्या डिग्रीचं असतं ना, ती पट्टी गुंडाळत म्हणाली,
तर दुखलंही नसतं.

त्या रात्री मेविसच्या डोळ्याला डोळा नाही.
एक म्हणजे शिडीचं कुठलं टोक?
शिडी उभी असली तर कळतं.
परसात आडवी टाकलेली,
पायऱ्यांमधून गवत उगवलेली शिडी
दोन्हीकडून पहिलीच.

नोव्हेंबर. खोकला. एक मशीन, मग दुसरं मशीन.
डॉक्टर पोरसवदा, टाय सैल.
“पहिली...” म्हणाला, आणि थांबला,
कारण माऊस चालेना.

तेवढ्या थांबण्यात मेविसनं
एकतीस वर्षांचे सगळे खण उपसले,
डावे उजव्यात, उजवे डाव्यात,
वर केक, वर तेल, वर घड्याळ,
आणि लोकर, लोकर, कुठली खांद्याची,
कुठली शेपटाची, हाताला काही लागेना.

“पहिली स्टेज,” तो म्हणाला. “लवकर सापडलंय. काढून टाकू.”

म्हणजे वरून की खालून? नॉरिसनं विचारलं.
डॉक्टरला प्रश्न कळला नाही.
मेविसला कळला. तिनं टेबलाखाली
त्याचं भाजलेलं मनगट इतकं घट्ट धरलं
की तो ओय म्हणाला.
दुखतंय म्हणजे ठीक.

घरी येऊन तिनं व्हिटबीच्या बहिणीला पत्र लिहिलं,
चार ओळी, त्यातली एक मांजराबद्दल.
डब्यात दोन्ही तिकिटं होती.
दुसऱ्या वर्गाचं चिकटवलं.
पोचेल परवा, तेरवा.
घाई कसली आता.