तर

धोपाव्याच्या धक्क्यावर मी तिकिटं फाडतो.
माणूस, मोटारसायकल, सुक्या मासळीचा टेम्पो,
कधी नवरीची गाडी, फुलांसकट.
पलीकडे दाभोळ. पाणी जेमतेम दहा मिनिटांचं.
चुकवायचं तर चिपळूणला वळसा,
अर्धा दिवस जातो.

सबीहा म्हणते, इथंही तसंच आहे, बावा.
वाडसो आणि किर्केनेस, मध्ये समुद्राचा फाटा.
विमानानं चाळीस किलोमीटर,
हवेत पंधरा मिनिटं, चहासुद्धा देत नाहीत.
रस्त्यानं पावणेदोनशे,
बर्फानं अडवलं नाही तर.

मी तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं: ४०, १५.
हे आकडे मला कळतात.
तू माझ्यापासून किती लांब, असं विचारलं
तर ती विमानं मोजते, चार,
आणि एक रात्र कुठल्याशा बाकड्यावर.
ते मी लिहून घेतलं नाही.

परवा तिचा फोन आला. तिकडे रात्र होती.
तिकडे आता जानेवारीपर्यंत रात्रच.
एका बाईला घेऊन निघाली होती,
इस्पितळ किर्केनेसला, कळा वाडसोलाच सुरू.
नवव्या मिनिटाला मूल झालं.
मुलगी आहे, बावा. ओरडली तेव्हा
पंख्यांचा आवाजसुद्धा ऐकू येईना.
उतरल्यावर कागदावर एक रकाना: जन्मगाव.
वैमानिक म्हणाला, खाली तर पाणी होतं.

झुबैदानं हातातली कोलंबी खाली ठेवली.

तेव्हा ही फेरीबोट नव्हती.
रघुवीर तांडेलाची होडी, भरतीचं पाणी,
दाभोळच्या डॉक्टरकडे निघालेलो,
आणि सबीहा मधेच आली, खाडीत.
धोपावे गुहागर तालुक्यात, दाभोळ दापोलीत.
दोन्ही ग्रामसेवक म्हणाले, आमची नव्हे.
महिनाभर पोर कुठंच जन्मलेली नव्हती.
शेवटी दाभोळचा म्हातारा कारकून चष्मा पुसत म्हणाला,
नाळ कुठं होती?
झुबैदा लाजली. म्हणाली, तांडेलाच्या कोयतीनं कापली,
मग पाण्यात सोडली.
अगं बाई, होडीची नाळ. तोंड कुणीकडे होतं तिचं?
दाभोळकडे.
तर मग दाभोळ, म्हणाला, आणि शिक्का मारला.

तर काय लिहायचं, बावा? सबीहा विचारत होती.
मी म्हटलं, विमानाची नाळ कुठं होती ते बघ.
ती हसली, की आवाज तुटला,
रेंज धक्क्यावर अशीच येते जाते.
हॅलो म्हणत मी जेट्टीच्या टोकापर्यंत गेलो.

फेरीबोट लागली होती. भोंगा झाला.
एक मोटारसायकल, दोन माणसं,
मागच्या बाईच्या मांडीवर बाळ, टोपडं घातलेलं.
बाळाचं तिकीट नसतं, मी म्हटलं.
तिनं तरी विचारलं, किती वेळ लागेल हो?