अपूर्ण वर्तमानकाळ

जाहिरातीत एकच जागा होती.
सहायक प्राध्यापक, भाषाविज्ञान. खाली बारीक अक्षरांत:
भाषा-तंत्रज्ञानाचे ज्ञान असल्यास प्राधान्य.
मी अर्जाचे सात संच केले, सातही ठिकाणी सही.
बर्डीचा झेरॉक्सवाला म्हणाला,
"मॅडम, याही वर्षी भरून राहिल्या का?"

त्याचं क्रियापद माझ्या प्रबंधात आहे, चौथं प्रकरण:
आधी धातू, मग ऊन, मग राह.
पुस्तकात म्हणतात, भरत आहात.
आमच्या नागपुरात क्रिया नुसती असत नाही,
बिछाना घेऊन मुक्कामालाच येते.

मी मात्र कुठेच मुक्कामाला नाही.
अकरा वर्षं तासिका तत्त्वावर.
जुलैच्या तासांचे पैसे होळीच्या आसपास,
आणि मे महिन्यात मी कोणीच नसते,
सेहेचाळीस अंशांत कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणारी
प्रणिता नंदनवार, पीएच.डी.

मुलाखतीला बाहेर चौसष्ट जण, पंखे तीन.
आत पाच जण, त्यातले दोघे मोबाइलमध्ये.
"यंत्राला मराठी शिकवायची तर सुरुवात कशापासून कराल?"
चुकांपासून, मी म्हटलं.
"कोणाच्या चुका?"
ते आधी ठरवावं लागेल, सर.
कोणीतरी बिस्किटांच्या बशीवर रुमाल टाकला.
तेव्हाच कळलं.

मग परसोडीच्या आयटी पार्कात, कंत्राटावर, दिवसाला अमुक वाक्यं.
बदलून आलेल्या बँकवाल्यांना मराठी शिकवणारं एक ॲप.
यंत्र ऐकतं, गुण देतं,
मी यंत्राच्या मागून ऐकते.
रकाने दोन: बरोबर, चूक.
नमुन्याचे आवाज इथल्याच घराघरांतून आणलेले,
आणि प्रत्येकाच्या मागे कूलर.
सूचना क्रमांक नऊ: गोंगाट काढून टाकणे.
काढला.
पण कूलर गेला की उन्हाळाही जातो वाक्यातून,
बाई कुठल्याही गावची वाटू लागते.

आवाज क्रमांक दोनशे अठरा, पाचपावली, वय साठ:
"थांब ना बाप्पा, मी सैपाक करून राहिली."
यंत्र लाल.
माझी आईही राहिलीच म्हणायची.
राहिले मी करून घेतलं सातवीत,
वक्तृत्वाच्या ढालीसाठी, आरशासमोर, एका आठवड्यात.
ढाल शाळेतच ठेवून घेतली त्यांनी.

हैदराबादहून श्रीनिधीचा फोन: बरोबर की चूक?
इथे बरोबर, मी म्हटलं.
"इथे असा रकाना नाही, मॅडम."

दरभंग्याचा एक शिकाऊ आहे, क्रमांक एकतीस, कॅशियर.
पहिल्या महिन्यात: मी बँकेत काम करत आहे.
गुण ब्याण्णव, आवाज इस्त्री केलेला.
तिसऱ्या महिन्यात एकदम,
"काहून भाऊ, गर्दी वाढून राहिली ना आज!"
गुण एक्केचाळीस.
हे त्याला आम्ही शिकवलं नव्हतं.
तर्री पोह्यांच्या गाडीवर शिकला असेल,
नाहीतर बँकेच्या वॉचमनकडून, फुकटात.
हेडफोनच्या आत मी एकटी हसले,
आणि बरोबरवर बोट ठेवलं.
पडद्यावर आलं: आपण यंत्राशी असहमत आहात. नक्की?
नक्की.
दोनशे अठरा परत उघडला. नक्की.
त्या दिवशी ठरलेली वाक्यं पूर्ण झाली नाहीत,
तेवढे पैसे कापले.

विद्यापीठाचं पत्र जूनमध्ये आलं.
योग्य उमेदवार आढळला नाही, जागा पुन्हा जाहीर होईल.
पुन्हा बर्डी, पुन्हा सात संच.
"सध्या काय करून राहिल्या मॅडम?"

शिकवून राहिली, भाऊ.
सातवीनंतर पहिल्यांदाच, आरशाशिवाय.

"कोणाले?" त्याने विचारलं,
आणि मशीनचं झाकण उघडून
आत अडकलेला कागद ओढू लागला.